मधला सांधा

सागाच्या सहा अरुंद पट्ट्या सरसाने जोडून जनार्दन मेस्त्रींनी वाचनालयाच्या टेबलासाठी रुंद फळा केला होता. आज आवळलेले शिकंजे काढल्यावर त्यांनी सवयीने त्यावरून उजवा हात फिरवला. हाताला काहीच कळलं नाही. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्या बोटांना ना गरम कळत होतं, ना गार.

"वृंदा, जरा बघ गो," त्यांनी मुलीला हाक मारली.

ती बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काम करत होती आणि तिचा प्रत्येक सांधा तेच तपासत आले होते. तिने फळ्यावर तळहात फिरवला आणि मध्येच थांबली.

"बोल. खोटं सांगू नकोस."

"मधल्या सांध्याला लागतंय, बाबा. एक पट्टी वर राहिलीय."

हे जिव्हारी लागेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. आजवर कोणालाही हात लावू न दिलेला आपला रंधा त्यांनी तिच्यापुढे धरला.

"तूच काढ."

ती डोळे पुसत रंधा मारत राहिली. ते स्टुलावर बसून नुसते बघत होते.

"झालं. हात फिरवून बघता, बाबा?"

"तू बघितलंस ना? मग पॉलिशला घे."