कुमुदचा नंबर

न्हाऊ घालून, धुरी देऊन झाल्यावर कुमुदने नातीला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूला नाक लावलं आणि डोळे मिटले. मग पुन्हा एकदा हुंगलं.

"अहो, हिला तो बाळाचा वासच कसा नाही?"

"सर्दी झाली असेल तुला," सुधाकरराव म्हणाले.

सर्दी नव्हती. मोबाइलमधून वास यायला लागले, तेव्हा रोज सकाळी मोगरा फुकट देणारी एक जाहिरात त्यांनी पाहिली होती. फुकटच्या मागून काहीतरी कापून घेतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी हुशारीने बायकोचा नंबर टाकला. तिच्या खात्यात कुठे पैसे असतात!

पण कंपनीला पैसे नकोच होते. ज्याचा नंबर, त्याच्या नाकातला एकेक वास ती दर महिन्याला काढून घेई आणि दुसऱ्यांना विकत असे. फोडणीतल्या हिंगाचा वास गेला, तेव्हा कुमुदने वाण्याला नावं ठेवली. आईच्या लुगड्याचा गेला, तेव्हा डांबराच्या गोळ्यांना.

सुधाकररावांना हे कळलं काल. त्यांनी योजना लगेच बंद केली. गेलेले वास परत मिळणार नाहीत, असं उत्तर आलं.

"तुम्ही बघा बरं," म्हणत कुमुदने बाळ पुढे केलं.

ते वाकले. तेल, दूध, ओव्याचा धूर आणि त्याखालचा तो कोवळा, उबदार वास त्यांच्या छातीत भरून आला.

"नाही गं," ते म्हणाले. "मलाही नाही येत."

"मग साबणच बदलायला सांगते," कुमुद निर्धास्त होऊन म्हणाली.