नऊची नळी

आपली बायको वर्ना गेल्याचं कळलं त्या दिवशी हार्लन दारातल्या पायरीवर बसून तिची वाट बघत होता. ती ओढ्यापलीकडे ब्लूबेरी वेचायला गेली होती. ओढ्याकडून आला तो गावचा पोलीस, लायल. एकटाच. टोपी हातात धरून.

"अस्वल," लायल म्हणाला.

"पिस्तूल चाललं का?" हार्लनने विचारलं.

लायलला वाटलं, धक्क्याने माणूस काहीतरीच बोलतोय.

दफन झाल्यावर तो पुन्हा आला. एका हातात बायकोने केलेल्या माशाच्या सुपाचं भांडं, दुसऱ्या हातात जाड कागदाची पिशवी.

"कोरीनने पाठवलंय. मीठ विसरली असेल. माझ्याकडे तक्रार करायची नाही."

"तुझ्याकडे तक्रार करून आजवर कुणाचं काय झालंय?"

लायल हसला. हार्लन हसला नाही. त्याने पिशवी टेबलावर रिकामी केली. आधी पिस्तूल आलं, मग सुट्या गोळ्या. शेवटी झाडलेल्या गोळीची एक रिकामी पुंगळी घरंगळत बाहेर आली.

पिस्तूल मूळचं दहा मिलिमीटरच्या गोळीचं. त्या भागात अस्वलाच्या भीतीने पुष्कळ जण तेच बाळगतात. पण दहाची गोळी सुटतानाचा झटका वर्नाला सोसत नसे. संधिवाताने तिची मनगटं गेली होती. म्हणून बर्फ वितळल्यावर हार्लनने आतली नळी काढून नऊ मिलिमीटरच्या, कमी झटक्याच्या गोळीची बसवली, गोळ्यांचं मॅगझिन बदललं. असं बदललेलं पिस्तूल तिथे कुणी लगेच कमरेला लावत नाही. आधी पेटीभर गोळ्या एकदाही न अडकता सुटाव्या लागतात. हार्लनने दोन पेट्या झाडल्या. एकही अडकली नाही.

"नळी बदललीस," वर्ना म्हणाली होती. "आता मनगटंही बदलून दे. तुझ्या त्या सुट्या भागांच्या खोक्यात असतील कुठेतरी."

हार्लनने पुंगळी उचलून बोटांत फिरवली.

"एकच?"

"एकच सुटली. बाकीच्या मी काढल्या. सापडलेलं पिस्तूल भरलेलं गाडीत ठेवता येत नाही आम्हाला."

"पिस्तूल उचललंस तेव्हा ही पुंगळी कुठे होती? गवतात, की आतच अडकलेली?"

"शेगडीत लाकूड घालू का? गार पडलंय घर."

"लायल."

"पिलांची आई होती ती, हार्लन. झुडपातून सरळ अंगावर आली. तोफ असती तरी वेळ मिळाला नसता वर्नाला."

"मी तोफेचं विचारत नाहीये."

लायल खाली वाकून शेगडीत लाकूड घालत राहिला. एक घातलं, मग दुसरं. शेगडी भरली तरी तो उठेना.

हार्लनने गोळ्या गोळा केल्या, मॅगझिन भरलं आणि मागच्या दाराने बाहेर पडला. घरामागे मातीचा उंचवटा होता. इतकी वर्षं तो तिथेच नेम धरत आला होता. लायल धावत मागे आला.

"कशाला आता? अरे, कशाला?"

हार्लनने दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं आणि झाडलं. एकामागून एक. उंचवट्याची माती उडत राहिली. पुंगळ्या उजव्या बाजूला पडत गेल्या. सगळ्या गोळ्या सुटल्या. त्याने खिशातून आणखी काढल्या, पुन्हा भरलं, पुन्हा झाडलं. त्याही सगळ्या सुटल्या.

"बघ," लायल म्हणाला. त्याला दम लागला होता. "एक तरी अडकली? काही दोष नाही त्यात. मी स्वतः घेऊन फिरेन हे."

"हे मला आधीच माहीत होतं."

"मग झालं तर!"

हार्लन आपल्या हातांकडे बघत होता. जन्मभर लाकूड तोडलेले हात. बोटं जाड, मनगटं खुंटासारखी.

"दोन्ही पेट्या मीच झाडल्या, लायल. तिने तीन-चारच झाडल्या असतील. गारठा होता. म्हणाली, तुझं समाधान झालं ना, मग चल घरी."

लायलला नवीन काही सांगायला नको होतं. तोही बंदुका बघतच मोठा झाला होता. झटक्याला मागून घट्ट हात लागतो. मनगट सैल पडलं, की पिस्तुलाचा वरचा भाग पुरता मागे जात नाही. रिकामी पुंगळी बाहेर पडायची ती तिथेच अडकते आणि पुढची गोळी सुटत नाही. त्यातून दहाच्या पिस्तुलात नऊची गोळी घातली, की तिचा जोरही आधीच कमी.

हार्लनने एक गोळी नळीत घेतली, मॅगझिनमध्ये आणखी एक ठेवली. या वेळी पाय तसे रोवले नाहीत. कोपरं वाकवली. मनगटं सोडून दिली. पिस्तूल किंचित खाली झुकलं. वर्ना असंच धरायची, दुधाचा जड कॅन धरल्यासारखं, जरा वैतागून.

"नको रे," लायल म्हणाला.

"तू सांगत नाहीस. मग मला बघू दे."

"मी नाही सांगणार. आणि तूही बघू नकोस."

हार्लनचं बोट चापावर होतं. ओढ्याकडून वारा आला, गेला. लायलने तोंड फिरवलं आणि डोळे मिटून घेतले.

आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने हार्लनने चाप न ओढताच हात खाली घेतला.

पिस्तूल आता स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. वर्ना धरायची तसं धरून एक गोळी झाडून बघायची अजून राहिली आहे.