आतलं मशीन

पंखा बंद होता. खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या मारलेल्या. धूळ नको, असं पहिल्यांदा छोटीच म्हणाली होती. दादाने ते इतकं मनावर घेतलं की आता हवासुद्धा त्याला विचारून आत यायची. दाराला बाहेरून कडी. का, तर गिऱ्हाईक चुकून आत शिरेल.

टेबलाशी खुर्चीत बसून ती गेमची सीडी घासत होती. सीडी कडेने चिमटीत धरलेली, मऊ फडक्यावर जरासं पॉलिश, आणि हात मधल्या भोकापासून काठाकडे. सरळ. पुन्हा मधून काठाकडे. गोल फिरवायचा नाही. सरळ रेघ गेम चालवणारा प्लेअर ओलांडून जातो, गोल रेघेत गेम अडकून बसते. हे दादाला शंभरदा सांगून झालं होतं. दादा ताटली पुसावी तशी सीडी पुसायचा.

वहिनी खाली बसून रिकाम्या डब्या पुसत होती.

दारापलीकडे दादाचं गेमच्या सीड्या साफ करून द्यायचं दुकान. ओरखडे गेले कसे, असं कुणी विचारलं की दादा मागच्या दाराकडे अंगठा करायचा. "आत मशीन आहे." खोटं बोलायला दादाला दमही घ्यावा लागायचा नाही.

आजचं गिऱ्हाईक मात्र ऐकेना. बाईचा आवाज होता. घोगरा, कसलीही घाई नसलेला.

"मग बघू दे की मला मशीन."

"ते कुणाला दाखवत नाही, बाई. धंद्याचं गुपित आहे."

"माझा चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना आहे. जन्म गेला घासण्यात. मशीन गोल घासतं रे बाबा. मागच्या खेपेला तू साफ करून दिलेली सीडी मी उजेडात धरली. सगळ्या रेघा मधून काठाकडे. हा हात आहे. तो हात मला दे. पगार देईन, राहायला खोली देईन."

आत तिचा हात थांबला. ती उठली. हाक पार ओठांशी आली होती.

वहिनी ओरडली नाही, आडवी आली नाही. नुसतं हळू म्हणाली, "वन्सं, तुम्ही गेलात की या खुर्चीत कोण बसणार, माहितीये ना?"

वहिनी वाईट नव्हती. तिला फक्त खुर्ची दिसत होती.

ती परत बसली. हाक गिळली.

बाहेर दादा हसला. "हात काय, पाय काय! मशीनच आहे, बाई."

"बरं. मग ही दुसरी घे, आत्ता करून दे. मी थांबते. हात असेल तर मला कळेल."

कडी निघाली. दादाने सीडी टेबलावर ठेवली. "छोटे, नीट कर. बया खवट आहे. आणि आवाज नको." कडी लागली.

छोटीने नीट केली. मधून काठाकडे, मधून काठाकडे. एकेक ओरखडा विरत गेला. शेवटी सीडीत वरचा दिवा दिसला, तिचं स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसलं, आणि मागे वाकून बघणारी वहिनी दिसली.

मग जे कधी करायचं नसतं ते तिने केलं. पॉलिशने माखलेला अंगठा त्या चकचकीत अंगावर दाबून ठेवला. उचलला. सगळ्या रेषा उमटल्या होत्या.

मशीनला अंगठा नसतो.

वहिनीने फडकं उचललं. तिच्याकडे बघितलं. फडकं खाली ठेवलं आणि डबी उघडून पुढे केली.

दादा आला. एरवी तो डबी उघडून बघायचा नाही. आज उघडली.

"हे काय? डाग? लक्ष कुठे असतं गं तुझं?"

"दादा, नको..."

त्याने शर्टाचं टोक ओढलं, सीडीवर तोंडाची वाफ सोडली आणि पुसली. गोल. गोल. गोल. दुकानातली दिवसभराची धूळ त्या शर्टाला होती.

"नको काय? गिऱ्हाइकाला कुणी उष्टं ताट वाढतं का?"

कडी लागली. ती दाराला कान लावून उभी राहिली. वहिनीने तिचा दंड धरला. घट्ट नाही, पण धरला.

बाहेर डबी उघडल्याचा आवाज आला. बाई सीडी उजेडात तिरपी धरून बघत असणार.

"गोल रेघा," बाई म्हणाली. आवाजातला जोर गेला होता. "तुझंच खरं. मशीनच आहे. आणि बिघडलंय. दुरुस्त करून घे."

"घेतो ना," दादा म्हणाला. "आजच घेतो."

चपला पायऱ्या उतरून गेल्या.

छोटीने दंड सोडवून घेतला. भिंतीपाशी गेली आणि पंख्याचं बटण दाबलं.

पंखा कुरकुरला, अडखळला आणि फिरायला लागला. पात्यांवर साचलेली धूळ क्षणभर वरच घुटमळली. मग टेबलावर उघड्या मांडून ठेवलेल्या सगळ्या सीड्यांवर ती सावकाश उतरू लागली.

वहिनीने बटण बंद केलं नाही. तिने मानेवरचा घाम पुसला, रिकामी खुर्ची ओढून पंख्याखाली घेतली आणि तिच्यात बसली.