तारप्याला पाठ

ज्या कंपनीला गोमाने मोर्चामोर्चातून गाण्यात सोलून काढलं होतं, तिच्याच मांडवात तो आज भोपळ्याचा तारपा मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या कुंभवली गावच्या मंडळींनी तो निघतानाच टोमणे मारून घेतले, म्हातारा शालीला भुलला म्हणाले. शाल मिळणार होती हे खरं, पण गोमाचा हिशोब निराळा होता. नाचणाऱ्या पोरींत त्याची सपना होती.

‘आमच्या बोलीत शाळा द्या’ म्हणून कंपन्यांच्या दारात गाणाऱ्या गोमाची पोर म्हटलं, की बोईसरच्या कारखान्यांच्या गेटागेटावरून तिला परत पाठवत. शेवटी तिने बापाची ओळख सांगणं सोडलं, तेव्हा याच कंपनीत काम लागलं. मग भाड्याची खोली घेतली आणि घरी येणंही सोडलं.

कंपनीच्या हेमाली मॅडमनी पोरींची रांग पाहुण्यांकडे तोंड करून लावली. गोमाला दिसला तो सपनाचा अंबाडा आणि त्यावरचा प्लास्टिकचा गजरा. एवढ्यासाठी तो आला नव्हता.

“काका, सुरू करा ना.”

“तारप्याला पाठ दावून नाचत नाय, बाई. पोरींना हिकडं फिरवा.”

मॅडमनी गोडीत समजावलं. पाहुणे लांबून आलेत, फोटो पेपरात जायचेत. गोमाने सगळ्याला मान डोलावली आणि तारपा काही तोंडाला लावला नाही. पाहुणे मोबाइल बघायला लागले.

तेवढ्यात सपना वळली. पोरींनी एकमेकींच्या कमरेत हात घातलेले. एक वळली तशी अख्खी रांग तिच्यामागे ओढली गेली. पाहुण्यांच्या पुढ्यात नुसत्या पाठी.

“ए, ये क्या कर रही है? पहचानती है क्या इनको?” मॅडम दातांतून बोलल्या.

सपनाने पाहुण्यांत पुढे बसलेल्या कंपनीच्या साहेबाकडे एकदा मागे वळून पाहिलं.

“बापूस हाय माझा,” ती म्हणाली. मग गोमाकडे बघून, “वाजव.”

गोमाने वाजवलं. पोरींनी फेर धरला. सपनाचे गाल बसले होते, डोळे मात्र आईचेच होते. दिलेली वेळ संपली. मॅडम मनगटावर बोट आपटून खुणा करू लागल्या, शाल घेऊन कुणी तरी बाजूला ताटकळत उभं राहिलं. मांडवाबाहेर कंपनीची बस चालू करून ठेवली होती. तारपा थांबला की हात सुटणार, पोरी बसकडे धावणार.

गोमाने गाल फुगवले, नाकाने श्वास ओढला आणि सूर तुटू दिला नाही.