टाकी भरून आणावी

तुम्ही ती रुग्णवाहिका चढावर नेलीच नाहीत, साहेब. तपासणीच्या आवारात दोन फेऱ्या मारल्यात, बॉनेट उघडून वाकून पाहिलंत आणि सांगून मोकळे झालात: गाडी ठणठणीत आहे, चालकानं ती चढावर बंद पाडली, पेशंट वाटेत गेला तो त्याच्या हलगर्जीपणामुळं. तुम्ही खोटं बोललात असं म्हणायचं नाही. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं.

गेलेला पेशंट त्या चालकाचा थोरला भाऊ होता. भावजयीचं गॅरेज आहे. जुनी फोर-व्हील गाडी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ती हात पुसत बाहेर आली आणि दिराकडे न बघता तिनं बॉनेट उघडलं.

"वहिनी, मी बंद पाडली नाही गाडी."

"मी विचारलं का?"

"नाही विचारलंत. तेच तर."

टाकीकडून येणारी नळी तिनं फिल्टरपाशी सोडवली. मध्ये एक लांब पारदर्शक नळी जोडली, तिचा वळसा खिडकीतून आत ओढला आणि तो मांडीवर घेऊन बसली. इंजिनाला जाणारा डिझेलचा थेंब न् थेंब आता तिच्या डोळ्यांदेखत जाणार होता.

"चला भावजी. त्याच चढावर."

गाडी चारही चाकांवर, खालच्या गिअरमध्ये, निमूट चढली. नळीत एक बुडबुडा नाही. त्या दिवशी जिथं ती थांबली होती त्या वळणावर दिरानं मुद्दाम वेग कमी केला. गाडी काही थांबेना.

"बंद पड की," तो स्टिअरिंगला म्हणाला. "लोकांसमोर अगदी गरीब गाय. नखरे काय ते माझ्या एकट्यापाशी."

ती हसली नाही. त्या न हसण्याचा अर्थ त्याला कळला. आयुष्यभर ती त्याला भावजीच म्हणेल, मुलंही काका काका करत येतील, आणि मनात मात्र ठेवील की ह्यानं माझा माणूस वाटेत ठेवला.

चढ उतरताना तिची नजर डिझेलच्या काट्यावर गेली.

"टाकी भरलेली कशी?"

"तुमच्याकडे आणायची म्हणून भरली. दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची तर अर्धवट कशी द्यायची?"

"तपासणीला नेलीत तेव्हा?"

"भरूनच. अर्धी टाकी असली तर फाटकातून आत घेत नाहीत. नियमच आहे त्यांचा."

"आणि त्या दिवशी?"

तो अडखळला. "निम्म्याच्या खाली असेल. पण होतं, वहिनी. डिझेल होतं."

"असेल ना. मी कुठं नाही म्हणते?"

गॅरेजात येऊन तिनं टाकीतलं डिझेल कॅनमध्ये काढलं. काटा निम्म्याच्या खाली गेला तशी थांबली, नळी पुन्हा मांडीवर घेतली आणि चढाकडे हात केला.

चढ लागला आणि नळीतून एक बुडबुडा गेला. मोहरीएवढा. मग दोन. मग माळ लागली, आणि वरच्या वळणाआधीच नळीत नुसता फेस. इंजिन खोकलं, गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. त्याच वळणावर.

त्यानं हँडब्रेक ओढला आणि सवयीनं दार उघडलं. बॉनेटखालचा हातपंप मारून डिझेल वर चढवायचं, मगच इंजिन उठतं. तिनं त्याचं कोपर धरलं.

"राहू द्या. बसा जरा."

दोघं बसून राहिली. मागचा बाक रिकामा होता. तिनं वळून पाहिलं नाही. नळीतलं डिझेल हळूहळू मागं, टाकीकडे सरकत होतं, ते बघत राहिली.

"त्या दिवशी पंपच मारत होतात?"

"दुसरं काय करणार? सुरू व्हायची, हातभर जायची, बंद. दादा म्हणत होता, दमू नकोस."

"तुमचे हात सुजलेले बघितले होते मी." ती नळीशीच बोलल्यासारखी बोलली. "मला वाटलं, मुद्दाम आपटून घेतलेत. दाखवायला."

त्यानं मान हलवली.  तो उतरला, पंप मारला, आणि उताराला लागल्यावर गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालली.

टाकीवरचं झाकण खोलून तिनं आतली, तळातून डिझेल वर खेचणारी ओढनळी बाहेर काढली. निम्म्या उंचीवर गंजानं खाल्लेलं एक भोक होतं, सुईच्या टोकाएवढं. खालचं तोंड अंगठ्यानं दाबून तिनं वरून फुंकर मारली. भोकातली हवा दिराच्या तळहाताला लागली.

"टाकी भरलेली असली की हे डिझेलखाली बुडलेलं. कुणाच्या बापाला कळणार नाही. पातळी उतरली, त्यात चढ आला, की भोक उघडं पडतं. मग इंजिन डिझेलऐवजी वारा पितं."

तो ती नळी हातात घेऊन उभा राहिला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, ग्रीसनं भरलेला, आणि तसाच राहू दिला.

साहेब, ह्याच खेपेत घेतलेल्या, ह्याच वयाच्या आणखी गाड्या तुमच्याकडे आहेत. साऱ्या तपासून झाल्यात, साऱ्या ठणठणीत, भरल्या टाकीनं. त्यातली एखादी आत्ता, ह्या घटकेला, कुठल्यातरी चढाला लागली असेल. काटा निम्म्याच्या खाली. मागं कुणीतरी आडवं.

कोण आहे ते? उत्तर द्या.