ओढ्यापलीकडची फांदी

राज्यमार्गाला नवी फांदी फुटल्याचं कळताच इंजिनिअर बाई बोरजाईला आल्या. रस्ते जिते झाल्यापासून हे नेहमीचंच होतं. माणसांचे पाय वळतील तिकडे रस्ता वाढे, पाय थांबले की वाळून जाई. ही फांदी निघाली होती एसटीचे निवृत्त ड्रायव्हर रंगनाथ शिलवंत यांच्या दारापासून आणि पोचली होती ओढ्यापलीकडे, एकट्या राहणाऱ्या कुसुम जगधने यांच्या अंगणात.

"नकाशात ही नाही. कुणाची नसेल तर छाटते," बाई म्हणाल्या.

निम्मं गाव जमलं होतं, दारात रंगनाथांची सून उभी होती. सगळ्यांसमोर बोलायचा रंगनाथांना संकोच वाटला. पण गप्प राहावं, तर वाट डोळ्यांदेखत तुटणार.

"छाटू नका," ते म्हणाले. "मी जातो रोज. चहाला."

"एकट्याच्या पायांनी एवढी रुंद होत नाही, काका."

"नाहीच होणार," ओढ्याकडून आवाज आला. कुसुमताई त्याच वाटेने येत होत्या. "यांना घरापर्यंत सोडायला मी येते ना! निम्मी माझी आहे."

गाव खो खो हसलं. सून पुढे आली. "मग आज उंबऱ्यावरून परत नका जाऊ, काकू. जेवूनच जा."

रंगनाथ लगबगीने पाट मांडायला आत गेले.