केळ्यांवरचा चुरा

तांदळाच्या पिठाचा रिकामा डबा विसळायला घेतला तेव्हा पुष्पलताला आंबूस वास आला.

तिने डबा पुन्हा नाकाशी नेला. तांदूळ तिने स्वतः धुतले होते, सावलीत वाळवले होते, जातं पुसून स्वतःच दळले होते. आंबण्यासारखं त्यात काही नव्हतं. डब्याच्या काठाला आतून पांढरी भुकटी चिकटली होती. ती तिने चिमटीत धरून चोळली. तांदळाचं पीठ बोटांना रवाळ लागतं. हे मऊ होतं, आणि दाबलं की करकरत होतं.

मागे चुलीपाशी सासूबाईंनी, काशीबाईंनी, पातेल्यावरचं निखाऱ्यांचं झाकण उतरवलं.

पदार्थ नवा होता. पुष्पलताचा नवरा प्रताप अणुवीज केंद्राच्या बांधकामावर मोजणीचं काम करायचा. तिथल्या एका अमेरिकन इंजिनिअरच्या घरी त्याने तो खाल्ला होता. खाली शिजलेली फळं, वर मैदा आणि लोण्याचा खरपूस चुरा. पुष्पलताने फळांच्या जागी वाडीतली राजेळी केळी घेतली, मैद्याच्या जागी तांदळाचं पीठ, साखरेऐवजी थोडा गूळ, लोण्याऐवजी ओलं खोबरं. चार वर्षांच्या विजयाला गहू चालत नव्हता. गव्हातला चिकट अंश हिच्या आतड्याला सोसत नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी दसऱ्याच्या सुमारास सांगितलं होतं. कणभरही देऊ नका, केळी हवी तेवढी द्या. तेव्हापासून रेशनचा गहू शेजारच्या ठकीकडे जात होता. दिवाळीपर्यंत पोरीने अंग धरलं. मग पुन्हा उतरत गेली, आणि का ते डॉक्टरांनाही कळेना. उद्याच्या तपासणीत वजन भरलं नाही तर ते तिला इस्पितळात ठेवून घेणार होते. त्यापुढचं ते काही बोलले नव्हते.

"ये गो माजी बाय," काशीबाई म्हणाल्या. विजया त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. पोट पुढे आलेलं, पाय काडीसारखे. काशीबाईंनी चमचा भरून घेतला आणि फुंकर घातली.

"आई, थांबा."

"निवलाय गो. पोळत नाय."

"पिठात काय घातलंत?"

काशीबाई हसल्या. "लागला वास? मांजरीचं नाक हाय तुजं."

"काय घातलंत, आई?"

"सत्त्व."

"कसलं?"

"गव्हाचं. अगो, अशी काय बघतेस? गहू नाय तो. ठकीकडं भिजत घातला, आंबवला, वाटला, फडक्यातून गाळला. चोथा तिच्या कोंबड्यांनी खाल्ला. तळाशी बसलं तेवढंच मी वाळवलं. गहू गेला कोंबड्यांच्या पोटात. तुज्या डाक्टरला म्हणावं, तापातून उठलेल्याला आमी हेच देतो. तुजा नवरा यावरच उभा राह्यला."

पुष्पलताने त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला. विजयाने उघडलेलं तोंड मिटलं.

"चोथा काढला तरी गव्हाचा अंश राहतो," पुष्पलता म्हणाली. "दिसत नाही, पण राहतो. तिला तेवढाही पुरतो."

"चिमूटभर तर घातलं."

"आजच घातलंत ना?"

काशीबाई चुलीकडे बघू लागल्या.

"आजी रोज देते," विजया म्हणाली. "दुधातून. आईला सांगायचं नाय."

पुष्पलता खाली बसली. चमचा तिच्या हातातच होता.

"कधीपासून, आई?"

"दिवाळी झाल्यापासून. पोर जरा सावरली होती. म्हटलं, आता ताकद येईल." काशीबाईंचा आवाज उतरला. "एकच चमचा द्यायची मी."

"एकच?"

"आदी एक. मग दोन केले. आता तीन."

"वाढवले का?"

"आता का म्हून काय विचारतेस? पोर वाळाय लागली, म्हून—"

काशीबाई तिथेच थांबल्या. त्यांनी विजयाच्या पायांकडे पाहिलं. मग ओठ हलले, पण पुष्पलताला नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?"

"जेवडी वाळली," काशीबाई म्हणाल्या, "तेवडं मी वाढवत गेले गो."

पुष्पलताच्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं. गेल्या दोन महिन्यांतल्या रात्री, हगवण, पोरीचं कण्हणं, डॉक्टरांपुढे खाली घातलेली मान. मग तिने सासूबाईंचा चेहरा पाहिला. ती उठली, पातेलं उचललं, मागच्या दाराने गेली आणि सगळं उकिरड्याच्या खड्ड्यात पालथं केलं. वर माती ओढली. घरात विजयाने भोकाड पसरलं, "माजा खाऊ!"

परत येताना तिने हात राखेने घासून धुतले. आढ्याला टांगलेल्या घडातलं एक पिवळं केळं तोडलं, सोललं, आणि काशीबाईंपुढे धरलं.

"तुम्ही भरवा, आई. नुसतं केळं आहे."

विजयाचं रडणं थांबलं. ती आजीच्या गुडघ्याशी सरकली, मान वर केली आणि तोंड उघडलं.

काशीबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.